एकटीची गाणी

धाकटीनं पन्नाशी ओलांडली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. कारण तिच्या शेजारी कायम ताई असायची. ताई गायची, धाकटी डफ वाजवायची आणि ताईची ओळ संपत आली की मागून ती उचलून धरायची. लग्नघरात, शाळेच्या हॉलमध्ये, कामगारांच्या मेळाव्यात, जिथे बोलावणं येईल तिथे दोघी जोडीनं जायच्या. एकटीला कुणी कधी बोलावलं नव्हतं, आणि एकटीनं जावं असं तिच्याही मनात आलं नव्हतं.

गाणी आईची होती. आई एका लाँड्रीत इस्त्री करायची. तिथल्या बायका गरम वाफेत उभ्या राहून दिवसभर गायच्या. घर सोडून गेलेल्यांची गाणी, परत न आलेल्यांची गाणी, सासूची यथेच्छ टिंगल करणारी गाणी. आईनंतर दोघी बहिणी त्याच लाँड्रीत लागल्या. ताई काउंटरवर, धाकटी इस्त्रीच्या टेबलावर. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या राहत. ताईचा नवरा लवकर गेला होता, धाकटीचं लग्न जमता जमता राहून गेलं होतं.

मग ताईचा घसा बसला, तो सुटेचना. आधी काढे झाले, मग डॉक्टर झाले, आणि शेवटी ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढावं लागलं. बोलायला तिला एक छोटं यंत्र मिळालं. ते गळ्याला लावलं की घुंऽ असा एकसुरी, पत्र्यासारखा आवाज यायचा. पहिल्यांदा ते लावून ताई म्हणाली, "बघ, आता सूर हलायची भीतीच नाही."

धाकटी हसली, मग मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

दोघींचा अल्बम काढायचं बोलणं फार आधीपासून चाललं होतं. फर्निचरच्या दुकानाखाली, तळघरात एका रेकॉर्डिस्टचा स्टुडिओ होता. त्याला या गाण्यांचं वेड होतं. पण कधी त्याला वेळ नसे, कधी यांना सुट्टी नसे. ताई दवाखान्यातून घरी आल्यावर तो भेटायला आला, फळं ठेवली आणि दवाखान्याचंच विचारत राहिला. विषय ताईनंच काढला.

"अल्बम हिचा कर."

"माझा?" धाकटी म्हणाली. "मी एकटी काय गाणार?"

"मग मी हे यंत्र घेऊन साथीला बसू का?"

रेकॉर्डिस्टला हसावं की नाही ते कळेना. धाकटी नाही नाही म्हणत राहिली. पण ताईनं एकदा मनावर घेतलं की समोरच्याचं काही चालत नसे.

रेकॉर्डिंगला ताईही जायची. काचेपलीकडे, रेकॉर्डिस्टच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची. आत धाकटी हेडफोन लावून, डफ मांडीवर घेऊन. पहिलंच गाणं अर्ध्यावर अडलं. रेकॉर्डिस्टनं बटण दाबून विचारलं, "तुम्ही मध्येच का थांबता?"

"कुठे थांबले?"

त्यानं ऐकवलं. खरंच, एक ओळ गाऊन झाली की ती थांबत होती. तिथे नुसता डफ वाजत होता. ती जागा ताईची होती.

"आता दोन्ही ओळी तुम्हीच म्हणायच्या," तो समजावून म्हणाला.

तिनं प्रयत्न केला. पण ताईच्या ओळीपाशी आलं की ती काचेकडे बघायची. ताई तिकडून हात वर न्यायची, मान हलवायची, डोळ्यांनी सांगायची : उचल, इथे ओढ, इथे सोड. तिला राहवत नव्हतं. ती मदतच करत होती, आणि तिच्या प्रत्येक खुणेसरशी धाकटीचा आवाज आणखी बारीक होत होता. दोन-तीन दिवस असेच वाया गेले. चहाच्या वेळी, ताई हात धुवायला गेलेली बघून रेकॉर्डिस्ट हळूच म्हणाला, "राग मानू नका. उद्या एकट्याच याल का?"

"तुम्हीच सांगा ना तिला."

"मी सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल. तुम्ही सांगितलंत तरी वाटेल. पण तुमचं त्या ऐकून घेतील."

संध्याकाळी बसस्टॉपच्या बाकावर बसल्या असताना धाकटीनं सांगितलं. कसंबसं, चपलेकडे बघत. "ताई, तू समोर असलीस की मला तुझंच ऐकू येतं गं. माझं काही निघतच नाही."

ताईनं यंत्र पर्समधून काढलं, हातात धरलं आणि परत आत ठेवलं. बस आली. ताई खिडकीशी बसली, धाकटी तिच्या शेजारी. उतरताना ताईनं नेहमीप्रमाणे तिचा दंड धरला, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी ताई काउंटरवर राहिली आणि धाकटी एकटीच गेली. गळा सुरुवातीला कोरडा होता. मग परत न आलेल्यांच्या गाण्यात, मधल्या कडव्यापाशी, तिचा आवाज एकदम मोकळा झाला. रुंद, जरासा खरखरीत, खालच्या सुरात भक्कम असा. असा आवाज आपल्यात आहे हे तिला माहीत नव्हतं. गाणं संपल्यावर रेकॉर्डिस्ट बटण दाबायचं विसरला. तिला इतका आनंद झाला की त्या आनंदाचीच लाज वाटली.

घरी ताई कांदा चिरत होती. यंत्र गळ्याला लावून तिनं विचारलं, "बरं झालं की चांगलं झालं?"

"चांगलं झालं."

"मग तोंड का पाडलंयस?" म्हणून ती पुन्हा कांद्याकडे वळली.

गाणी पुरी झाली आणि त्याच सुमारास ताईचं दुखणं उलटलं. या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. त्यांनी धाकटीला बाहेर बोलावलं, त्यातच तिला सगळं कळलं.

अल्बम छापून यायला अवकाश होता. रेकॉर्डिस्टनं सगळी गाणी मोबाइलवर घालून दिली. दुपारी वॉर्डात शांतता असताना धाकटीनं ताईच्या कानाला हेडफोन लावले. ताईनं डोळे मिटून सगळं ऐकलं. बोटं चादरीवर ताल धरत होती, मग थांबली. संपल्यावर तिनं यंत्र मागितलं.

"मला वाटलं होतं, कुठेतरी मी ऐकू येईन."

धाकटी म्हणाली, "सगळी तुझीच तर आहेत."

"उगाच काहीतरी बोलू नकोस." जरा दम खाऊन ती म्हणाली, "छान गायलीस. माझ्यासारखं एकही नाही."

धाकटी तशीच तळघरातल्या स्टुडिओत गेली. कुठल्याशा लग्नात टेप केलेली ताईची जुनी कॅसेट होती. त्यातला तिचा आवाज काढून एका तरी गाण्यात घालता येईल का, असं तिनं रेकॉर्डिस्टला विचारलं. तो "बघतो" म्हणाला. पण ताईला कळल्यावर तिनं यंत्रसुद्धा मागितलं नाही, नुसता हात आडवा हलवला. धाकटीनं पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "नव्या कापडाला जुनं ठिगळ लावतात का? इतकी वर्षं इस्त्री केलीस ना?"

त्यानंतर ती फारशी बोलली नाही. एका सकाळी, परिचारिका चादर बदलायला आली तेव्हा, ताई गेलेली होती.

अल्बम निघाला. कव्हरवर धाकटीचं शाळेतलं नाव होतं; लाँड्रीतल्या कुणाला ते माहीतच नव्हतं, त्यामुळे आधी दोघा-तिघांनी "ही कोण?" असं विचारलं. वाचनालयाच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम ठेवला होता. धाकटी डफ घेऊन एकटीच बसली आणि गायली. दोन्ही ओळी तिनंच म्हटल्या. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

नंतर एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. आईबरोबर लाँड्रीत होती ती. तिनं धाकटीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"अगदी आईचा गळा," ती म्हणाली. "मोठीचा गोड होता, पण आईचा नव्हता. मोठी स्वतःच म्हणायची आम्हाला, आईचा आवाज धाकटीकडे गेलाय म्हणून."

"कधी म्हणायची?"

"कधी म्हणजे? तुम्ही पोरी होतात तेव्हापासून. तुला नाही बोलली कधी?"

धाकटीनं म्हातारीला खुर्चीपर्यंत नेऊन बसवलं, पाणी दिलं. माणसं येत होती, हात हातात घेत होती, अल्बमवर सही मागत होती. ती सही करत राहिली. त्या नावाची सही तिच्या हाताला बसली नव्हती, प्रत्येक वेळी वेगळीच उमटायची.

ताईला माहीत होतं. इतकी वर्षं शेजारी बसून तिला माहीत होतं. आणि तरी "तू गा" म्हणणारीही तीच. भांडावं तर समोर माणूस नाही, पाया पडावं तरी नाही. धाकटीला राग आला, आणि राग पुरता यायच्या आत ताईची इतकी आठवण आली की पेन खाली ठेवून तिला टेबलाची कड धरावी लागली.

हॉल रिकामा झाला. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "घरी सोडतो, चला."

"नको," ती म्हणाली. "बसनं जाते."

तिनं डफ पिशवीत घातला, खांद्याला लावला आणि पायऱ्या उतरून रस्त्याला लागली.