अकरावी बाई

साताऱ्याच्या भजन स्पर्धेत एका मंडळात किमान अकरा बायका लागतात. आमच्या आष्ट्याच्या मंडळात दहाच उरल्या होत्या, म्हणून रेश्मावहिनी मला बोलवायला आल्या. त्या आमच्याच गल्लीतल्या, मंडळात पेटी वाजवतात. मला गाता येत नाही म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "आमाला तरी कुठं येत व्हतं गं."

माझी लेक शिवांजली तेव्हा चौदा महिन्यांची. तिचे बाबा फौजेत, लेहला. सासूबाईंनी गुरुवारी संध्याकाळी तासभर तिला सांभाळायचं कबूल केलं. बाळंतपणानंतर माझा म्हणून मिळालेला तो पहिला तास. तिला पाजायचं, मुठीतून पदर हळूच सोडवून घ्यायचा आणि सरावासाठी देवळापर्यंत जवळजवळ पळत जायचं.

पहिल्या दिवशी मी मोकळ्या गळ्यानं गायले. वीस वर्षं मंडळाच्या पुढं बसून अभंग सुरू करणाऱ्या आक्काताई तेव्हा काही बोलल्या नाहीत. चपला घालताना मात्र मला बाजूला घेतलं.

"तुझा आवाज लय खाली जातोय. तू नुसते ओठ हलव. आन् हे कुणाला बोलू नको, मंडळाचं नाव जातं."

मला वाटलं, शिकेपर्यंत असेल. पाच गुरुवार मी तोंड उघडत-मिटत राहिले. टाळ तेवढे खरे वाजवले. घरी सगळे अभंग पाठ केले. शिवांजलीला न्हाऊ घालताना म्हणायचे, तर ती ओल्या बोटांनी माझे ओठ धरायची. शेवटच्या गुरुवारी धीर करून आक्काताईंना विचारलं, आता म्हणू का? साताऱ्याहून आल्यावर बघू, म्हणाल्या.

साताऱ्यात हॉल गच्च भरला होता. दुसऱ्या अभंगात, सगळ्यांनी मिळून म्हणायच्या ओळीत, वरच्या सुरावर आक्काताईंचा आवाज फाटला. मी त्यांच्या पाठीमागेच होते. बाकीच्यांना आपापल्या आवाजात कळलं नसेल. मी गातच नव्हते, त्यामुळे मला स्वच्छ ऐकू आलं. परीक्षकांनी शेवटी माईकवर सांगितलं, आष्ट्याचा ठेका उत्तम, पण एक आवाज सुराबाहेर होता. नंबर गेला.

परत येताना गाडीत आक्काताई पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "नवं माणूस घेतलं की असं व्हायचंच."

कुणी मला रागावलं नाही. शेजारच्या काकींनी तर पाठीवरून हात फिरवला. तो हात मला सहन झाला नाही.

"माझा आवाजच नव्हता," मी म्हणाले. "पाच आठवडे मी नुसते ओठ हलवतेय. आक्काताईंनीच सांगितलं होतं."

सगळ्या पुढच्या सीटकडे बघायला लागल्या. मग आक्काताई शांतपणे म्हणाल्या, "बघा. आता माझ्यावर ढकलतीया."

पहिलं हसू रेश्मावहिनींचं. "पाच आठवडं व्हय गं? आन् आमाला कळलं न्हाई?"

मग सगळ्याच हसल्या. हसणारच. ओठ मी इतके हुबेहूब हलवले होते. कऱ्हाडला चहासाठी गाडी थांबली, तर मी उतरले नाही.

बुधवारी रेश्मावहिनी दारात उभ्या. नवी बाई मिळाली होती, तिच्यासाठी मंडळाची जांभळी साडी परत हवी होती. मी आतून साडी आणून दिली. शिवांजली रांगत जाऊन त्यांच्या पायाला बिलगली, पण त्यांनी तिला उचललं नाही. खाली बघत म्हणाल्या, "मलाबी पहिलं वरीस तसंच बशिवलं व्हतं. म्हणून तर पेटी शिकली मी."

"मग गाडीत हसलात कशाला?"

वहिनींनी साडीची घडी उगाच मोडून परत घातली.

"मला अजून बसायचं हाय गं तिथं," म्हणाल्या, आणि पायरी उतरल्या. शिवांजली त्यांना टाटा करत राहिली.