कडीला लावलेला हात

स्वरूपानं मागच्या दाराची कडी मुठीत धरली, सोडली आणि तोच हात पुरणपोळीच्या कणकेत घातला.

शकुआत्यानं ते पाहिलं. "हात धू गं. नरसिंहाचा निवद हाय."

"सकाळी धुतलाय, आत्या. आता न्हाय धुणार."

शकुआत्या वडिलांची थोरली बहीण. दर वर्षी निवद घेऊन नरसिंहपूरला जायची आणि साऱ्या लासुर्ण्याला सांगायची, आमच्या स्वरूपासारखं सोवळं कुणाला जमत न्हाय, पोर अंगाला शिवूसुद्धा देत न्हाय. हात धूत बसली की मोरीतून उठता न येणाऱ्या पोरीला घरानं असं देवाच्या कामाला लावलं होतं. वडील, संभाजीराव, मुकाट्यानं मोटर चालू करून टाकी भरत राहायचे. हा मनाचा आजार आहे, ओसीडी, असं बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की मग मी पाणी देत आलो ते चुकलंच का. बाई म्हणाल्या, इथून पुढं देऊ नका. स्वरूपाला त्यांनी घाण वाटेल त्याला हात लावून न धुता राहायला, आणि सुरुवात सोप्या दिवसापासून करायला सांगितलं होतं. तिनं मात्र निवदाचाच दिवस धरला.

"संभा," आत्यानं भावाला हाक मारली, "पोरीच्या हातावर पाणी घाल."

संभाजीराव उंबऱ्यात आले. लेकीच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. त्यांनी तांब्या उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"न्हाय घालणार, अक्का."

"मग देवाला बाटलेलं नेऊ व्हय?"

"हेच ने," स्वरूपा म्हणाली. "न्हायतर नेऊ नको. मी धुणार न्हाय."

आत्या उठली. मनगट धरून तिला मोरीकडं ओढू लागली आणि मध्येच थांबली. तिनं तळवा उलटा केला. पेरापेरांवर भेगा होत्या, त्यांत कणकेतली हळद भरली होती. ज्या हातांचं कौतुक ती गावभर सांगत आली, ते तिनं आज पहिल्यांदाच हातात घेतले होते. आणि स्वरूपानं हात ओढून घेतला नव्हता.

"झोंबत असंल," आत्या म्हणाली.

"झोंबतं."

 मनगट न सोडता आत्या तिला चुलीपाशी परत घेऊन आली.

"आटप. नरसिंहपूरची गाडी यायची झाली."

भीती कुठं गेली नव्हती. स्वरूपानं पुढचा गोळा हातात घेतला.