अबोलीचा खोटा पेशंट

मित्रांनो, माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे आणि तळ थोडा पिवळट पडला आहे, त्यामुळे पहिल्या नजरेत मला कोणी फारसा मान देत नाही. पण मी साधंसुधं भांडं नव्हे. मी औषधं घोटायचा खल आहे. चिनी मातीचा, बाहेरून गुळगुळीत आणि आतून मुद्दाम खरबरीत ठेवलेला, म्हणजे पूड निसटत नाही. ओतायला एका बाजूला छोटी चोच आहे. माझा बत्ता माझ्यासारखाच पांढरा. आम्ही दोघे एकाच भट्टीतून निघालो.

ती भट्टी खुर्ज्याची. दिल्लीच्या आसपास राहणाऱ्यांना खुर्जा ठाऊक असतं. कपबशा, बरण्या, कुंड्या तिथूनच येतात. भट्टीत तापताना वाटलं, संपलो आता. बाहेर आलो तर टकटक केल्यावर छान वाजत होतो. मग मला गवतात गुंडाळलं, खोक्यात घातलं आणि थेट नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात पाठवलं.

प्रयोगशाळेतले ते दिवस माझ्या मानाचे. मुलं मला ‘मॉर्टर’ म्हणत. नवी मुलं जोरजोरात कुटायला लागली की मॅडम ओरडत, “अरे, चटणी वाटताय का? गोल फिरवा, हळू!” अबोली तिथेच भेटली मला. अंगापेक्षा मोठा पांढरा कोट, बाह्या दुमडलेल्या. तिचा हात जात्याच हलका होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकदा तिने घोटलेली पूड बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाले, “अशी हवी.” कौतुक तिचं होतं, पण थोडं मीही माझ्याकडे ठेवून घेतलं.

नंतर एका धांदरट मुलाच्या हातून मी निसटलो, टवका उडाला आणि मला मोडीत काढलं. अबोलीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या मैत्रिणींनी मॅडमकडून मला मागून घेतलं आणि लाल कागदात बांधून तिच्या हातात दिलं. “मिक्सर बाकीचे देतीलच गं!” असा मी तिच्या संसारात आलो, आणि फिरून फिरून नोएडात पोचलो, माझ्या गावापासून फार लांब नाही अशा अकराव्या मजल्यावर.

घरात चार माणसं. अबोलीचा नवरा धीरज, कंपनीचं काम घरूनच करणारा, कानाला सदा हेडफोन. त्यांची लेक राधा, नुकतीच शाळेत जायला लागलेली. आणि धीरजचे वडील. गावाकडे सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, इथे त्यांना तसं म्हणायला कोणी नव्हतं. त्यांना रक्तदाबाचा आजार होता. एकदा गोळी घशात अडकल्यापासून त्यांनी गोळ्यांची धास्ती घेतली होती. म्हणून अबोली डॉक्टरांना विचारून त्यांच्या गोळ्या माझ्यात घोटायची आणि मधातून चाटवायची. फक्त एक मोठी गुलाबी गोळी ती घोटत नसे. ती शिकरणाच्या चमच्यात बुडवून अख्खी द्यायची. “चावायचं नाही हं बाबा, सरळ गिळायचं.” भाऊसाहेब डोळे मिटून गिळायचे आणि म्हणायचे, “आणखी एक चमचा दे, गोळी नसलेला.”

डिप्लोमा झाला, लग्न झालं, राधा झाली. या सगळ्यात अबोलीची एक परीक्षा राहून गेली होती. औषधनिर्मात्याची पात्रता परीक्षा. ती पास झाल्याशिवाय नाव नोंदलं जात नाही आणि औषधांच्या काउंटरमागे उभं राहता येत नाही. सोसायटीच्या गेटजवळच्या केमिस्टने तिला सांगून ठेवलं होतं, “मॅडम, बस सर्टिफिकेट ले आइए, काउंटर आपका.” त्या एका वाक्यावर ती कशी चालत घरी आली होती, काय सांगू! जणू काउंटर हातातच घेऊन आली होती.

अभ्यासाला वेळ कुठला? कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, राधाच्या दुपारच्या झोपेत, दूध तापेपर्यंत. रोगशास्त्र तिने डाळ निवडताना पाठ केलं. पेशंटला औषध कसं समजावून सांगायचं, हा भाग बोलूनच पक्का होतो. पण समोर बसायला कोणी नव्हतं. धीरज म्हणायचा, “यार, संध्याकाळी ऐकतो ना, बिल्कुल.” संध्याकाळी त्याची अमेरिका उजाडायची. मग तिने मलाच ओट्यावर समोर ठेवलं आणि पेशंट केलं.

“हं, बघा काका, या गोळीच्या नावापुढे एस आर लिहिलंय, दिसलं? म्हणजे ही दिवसभर थोडी थोडी विरघळणार. ही कुटायची नाही, चावायची नाही, तोडायची नाही. कुटलीत तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जाईल. मग चक्कर, घाम, माणूस कोसळायचा. कळलं ना काका? आता मला परत सांगा बघू.”

मी परत काय सांगणार? पण ती माझ्या वतीने सांगायची, आवाज जाडा करून. राधाने एकदा दारातून पाहिलं. “आई, तू कटोरीशी बात का करतेस?”

“बात नाही, बोलतेस म्हणावं. आणि कटोरी नाही, खल.”

“खल बीमार आहे?”

“हो गं, फार. रोज येतो बिचारा.”

मित्रांनो, मला ते सगळं पाठ झालं होतं. ती गुलाबी गोळी म्हणजे तीच एस आरवाली, हेही मला माहीत होतं.

परीक्षेचा दिवस उजाडला. दोन पेपर, एक सकाळी आणि एक जेवणानंतर, केंद्र फरीदाबादला. घरातली केळी नेमकी संपली होती. अबोली दारात चपला घालत होती. “धीरज, ऐक. खाली ठेल्यावरून केळी आण. मोठी गोळी शिकरणातून द्यायची, अख्खी. बाकीच्या घोटून मधातून. ऐकलंस?”

“हो हो, बिल्कुल,” धीरज म्हणाला. त्याचा एक कान हेडफोनमध्ये होता आणि दुसरा राधाच्या रडण्याकडे.

भाऊसाहेब काठी टेकत दारापर्यंत आले. “जा, लढून ये. फक्त पानिपत करू नकोस.”

“बाबा!” ती हसली, वाकून नमस्कार केला आणि गेली.

भाऊसाहेबांचा नाश्ता झाला. धीरज स्वयंपाकघरात आला. कानात कोणीतरी इंग्रजीत बोलत होतं. त्याने गोळ्या काढल्या, सगळ्या. अबोलीला रोज घोटताना त्याने पाहिलं होतं, पण दुरून. घोटायच्या म्हणजे सगळ्याच, असं त्याने गृहीत धरलं. गुलाबी गोळी माझ्यात पडली तेव्हा तिचा आवाज बाकीच्यांपेक्षा मोठा आला. त्याने बत्ता उचलला.

भाऊसाहेब बाहेरून म्हणाले, “अरे, मोठी गोळी ती शिकरणातून देते मला.”

“केळी नाहीयेत, बाबा. आज मधातूनच घ्या ना, मला मीटिंग आहे.”

“बरं बाबा. तुझ्या मीटिंगचा अपमान नको.”

मी काय करणार होतो? माझ्यात अंग चोरून घ्यायची सोय नाही. मी खरबरीत आहे तो याचसाठी, की माझ्यात पडलेलं निसटू नये. पहिल्या फेऱ्यालाच गोळी फुटली. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात गुलाबी रंग पांढऱ्यात मिसळला. मला बोलता आलं असतं तर त्या दिवशी मी जाडा आवाज काढून ओरडलो असतो. बत्ता गोल फिरत राहिला. धीरजने मध ओतला, चमच्याने निपटून घेतलं आणि मला नळाखाली ठेवून दिलं.

तास-दोन तासांनी भाऊसाहेब पाणी मागत स्वयंपाकघरात आले. कपाळ घामाने डबडबलेलं. ओट्याला हात टेकला आणि तिथेच खाली बसले. राधा ओरडली, “आजोबा गिर गए!” धीरज धावत आला. त्याने अबोलीला फोन लावला, तर फोन बंद. परीक्षेच्या दारातच जमा केलेला. त्याने पुन्हा लावला, पुन्हा बंद. “बाबा, काय होतंय? बाबा, बोला ना!” भाऊसाहेबांचे ओठ पांढरे पडत चालले होते. नेमकं काय झालंय हे त्या स्वयंपाकघरात एका मलाच ठाऊक होतं, आणि मी ठिबकत्या नळाखाली थेंबाथेंबाने भरत होतो.

मग फोन वाजला, धीरजने तो स्पीकरवर टाकला. पहिला पेपर सुटला होता. “धीरज! मस्त गेला रे पेपर, सगळं आलं...”

“अबोली, बाबा पडलेत. घाम, चक्कर, बोलत नाहीयेत नीट.”

“गोळ्या कशा दिल्या?” तिने विचारलं.

“तू देतेस तशाच. घोटून, मधातून.”

“मोठी पण?”

धीरजने ओट्यावरच्या पाकिटाकडे पाहिलं. “मोठी पण,” तो म्हणाला.

यानंतर फोनमधून आलेला आवाज मी रोज ऐकलेला होता. शांत, सुटा सुटा. “त्यांना आडवं कर. पायाखाली उशा दे. तोंडात काही घालू नकोस, पाणीसुद्धा नाही. ॲम्ब्युलन्स बोलाव. गोळीचं पाकीट बरोबर घे आणि पोचल्याबरोबर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग, की एस आर गोळी कुटून दिली. लपवू नकोस, धीरज. हेच सांग. आता मला परत सांग बघू.”

त्याने रडत रडत परत सांगितलं.

“मी निघाले,” ती म्हणाली.

“अगं, तुझा दुसरा पेपर?”

फोन ठेवलेला होता.

भाऊसाहेब वाचले, मित्रांनो. डॉक्टर म्हणाले, काय दिलं ते लगेच कळलं म्हणून बरं झालं. काही दिवसांनी ते घरी आले, पण हात थरथरायला लागले होते आणि थट्टा बंद झाली होती. जेवताना एकदा म्हणाले, “माझ्यापायी तुझा पेपर बुडाला, पोरी.” अबोली म्हणाली, “भाजी वाढू?” धीरज तर कितीदा सॉरी म्हणाला. ती त्याला बोलली नाही, रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. गेटजवळच्या केमिस्टकडे दुसरी एक मुलगी उभी राहायला लागली. त्याचाही दोष नाही, तो किती थांबणार!

निकाल धीरजच्या मोबाइलवर आला. “अबोली, पहिल्या पेपरात बघ किती मार्क पडलेत! यार, कमाल आहे.” मग त्याने बोटाने पडदा वर सरकवला आणि थांबला. दुसऱ्या पेपरापुढे लिहिलं होतं, गैरहजर. अबोलीने मोबाइल हातात घेतला, तो शब्द वाचला, मोबाइल परत दिला आणि राधाची वेणी घालायला बसली. वेणी दोनदा सोडून पुन्हा घातली तिने त्या दिवशी.

मला पाहिलं की तिला ते सगळं आठवतं, म्हणून तिने मला बाल्कनीत नेऊन ठेवलं. आता माझ्यात कपड्यांचे चिमटे असतात. दिवाळीनंतरचा धूर येऊन बसतो, कबुतरं येऊन बसतात. बत्ता कुठे गेला, मला माहीत नाही. तक्रार माझ्यासाठी नाही. मी मातीचा आहे, मला बाल्कनी चालेल. पण पुढच्या परीक्षेचा अर्ज निघाला, असं धीरज दोनदा म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, “बघू.” त्या ‘बघू’चं काय करावं, हे मला कळत नाही.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो, मित्रांनो. घरातल्या औषधांना हात लावण्याआधी विचारा, नीट, दोन्ही कान देऊन. आणि तुमची आई, काकू, ताई कामं उरकता उरकता काही पाठ करत असेल, तर तिच्यासमोर जाऊन बसा. ती सांगेल ते तिला परत म्हणून दाखवा. चुकलं तर चुकू द्या. मी किती दिवस तिच्यासमोर होतो, पण भांडं होतो. तुम्हाला तोंड आहे. तिला आजच विचारा, “आई, आज काय वाचलंस?”