दाराच्या मागचा कोट

माझे बाबा विद्यापीठात दहशतवाद आणि कायदा शिकवतात. बळींच्या नातेवाइकांचे हक्क हा त्यांचा खास विषय. कुठे स्फोट झाला की चॅनेलवाल्यांचा पहिला फोन त्यांनाच येतो, म्हणून काळा कोट इस्त्री करून दाराच्या मागे कायम टांगलेला. मध्ये बराच काळ सगळं शांत होतं, तर विभाग बंद पडायची वेळ आली आणि बाबा सुतकी चेहऱ्याने घरात फिरू लागले. आई म्हणायची, "यांना जगाचं बरं चाललेलं बघवत नाही." आम्ही हसायचो.

आज दुपारी माझ्या ऑफिससमोरच्या बाजारात स्फोट झाला. मी पलीकडे औषधाच्या दुकानात होते, म्हणून वाचले. कान बधिर झाले होते, तरी बाबांना फोन लावला.

"बाबा, मी बाजारात आहे. मला काही झालं नाही."

"बरं झालं. किती गेले?"

"माहीत नाही. तुम्ही न्यायला या ना."

"अगं, आत्ता कसा येऊ? फोन ठेव, चॅनेलवाले लावत असतील."

मी तिथेच पायरीवर बसले. थोड्या वेळाने दुकानदाराने टीव्ही लावला. काळा कोट, नीट पाडलेला भांग. आवाज जड करून बाबा सांगत होते, "अशा वेळी माणसाला फक्त आपलं माणूस जवळ हवं असतं. कायद्याला हे कधी कळणार?"

दुकानदाराने डोळे पुसले. "यांच्या घरचे नशीबवान हो," तो म्हणाला. "ताई, तुम्हाला न्यायला कोणी येतंय ना?"