बाविसाव्या मजल्यावरची खिडकी

परक्या पाहुण्यांना हॉटेल दाखवताना माझ्या लेकाची जीभ थकत नाही. आईला दाखवायला मात्र त्याला अकरा वर्षं सवड झाली नाही.

तो तिथे लॉबीचा मॅनेजर. पाहुणे आले की त्याची पोपटपंची सुरू. इथे पूर्वी वीटभट्टी होती, बावीस मजले चढायला सहा वर्षं लागली, सातव्या मजल्यावर पोहायचा तलाव आहे. हे त्याला शिकवलं कुणी? मी. त्याच हॉटेलच्या तळघरात एकतीस वर्षं मी फाटक्या चादरी रफू केल्या. प्रत्येक मजल्याच्या कापडाला कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा टाका. सातवा निळा, बारावा लाल, सगळ्यात वरचा पिवळा. मी मजले तेवढेच पाहिले. तळघरातल्या बायकांनी वर जायचं नाही, असा नियम होता. चादरी मात्र रोज जाऊन यायच्या.

सगळ्यात वर फिरतं उपाहारगृह. जमीन तासाभरात एक फेरी घ्यायची, खिडक्या जागच्या जागी. एखादी बाई खिडकीच्या कट्ट्यावर पर्स ठेवायची, जेवता जेवता पर्स मागे राहायची, मग चोर चोर म्हणून बोंब. तासाभराने पर्स पुन्हा समोर हजर. वाढपी येऊन हे सांगायचे आणि आम्ही खाली हसून बेजार.

त्या खिडकीतून एकदा आपलं घर बघायचं, एवढीच माझी हौस. लेक मॅनेजर झाला तेव्हा म्हणाला, नेतो. मग आज मोठे साहेब आहेत. मग आज गर्दी आहे. मग, तुझे हे कपडे... ते वाक्य त्याने गिळलं. पुढे बायकोला घेऊन वेगळा राहिला. महिन्यातून एकदा येतो, फोन कानाला तसाच, दारातूनच औषधं देतो आणि जातो.

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांच्या नसा सुकल्या, ऑपरेशनचा उपयोग नाही. उजव्या डोळ्यात काळोख, डाव्यात नुसता धूर. हॉटेलचंही तेच. महिनाअखेरीला टाळं लागणार, लेकाची नोकरीही गेली. तेव्हा कुठे त्याला आई आठवली. नेलं तेही मागच्या दाराने, सामानाच्या लिफ्टमधून. सवय, दुसरं काय.

वर चिटपाखरू नव्हतं. फिरणं कधीच बंद पडलेलं. मी एका टेबलावरच्या कापडाचा कोपरा चाचपला. दुहेरी गाठीचा टाका बोटाला लागला. माझाच.

लेकाने खांदे धरून मला खिडकीशी उभं केलं. समोर नुसता उजेड. मी म्हटलं, मला दिसत नाही, तूच सांग. तो सांगू लागला, अगदी पाहुण्यांना सांगतो तसं. पूल, शाळेचं मैदान, आपली गल्ली.

"आणि ते आपलं घर, आई. छपरावरचं निळं पिंप कसं चमकतंय."

मी काचेवरून हात फिरवला. थंडगार होती.

"ते पिंप फुटून तीन वर्षं झाली," मी म्हटलं. "छपरावर आता काही नाही. माझे डोळे गेले ते नशीब म्हणू. तुझे धडधाकट आहेत, तरी तीन वर्षांत तू एकदा मान वर करून घराकडे बघितलं नाहीस. चल, खाली ने."