भाऊंची सही

वकिलाने कोरा कागद भाऊंच्या पुढे सरकवला आणि टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं.

"दहा वेळा सही करा. रोज करता तशी."

भाऊंनी पहिली सही केली, जरा वेळ तिच्याकडे बघितलं आणि दुसरी केली. पाचव्या सहीपर्यंत पहिल्या अक्षराचं वळण तीन निरनिराळ्या दिशांना गेलं होतं. शेवटी त्यांनी पेन टेबलावर टाकलं आणि दाराशी उभ्या असलेल्या बाईंकडे बघून ते मोठ्याने हसले.

"अहो वकीलसाहेब, सही बघायची तर यांची बघा. माझी सही माझ्यापेक्षा यांनाच छान जमते!"

बाईही हसल्या. नगरपालिकेतला हा जुनाच विनोद होता. अकरा वर्षांपूर्वी भाऊ पहिल्यांदा नगराध्यक्ष झाले आणि महिन्याच्या आत जिन्यावरून पडून उजवा हात मोडून बसले. बाई तेव्हा त्यांच्या टंकलेखनिक. कामं खोळंबली, लोक दाराशी येऊन बसायला लागले, तेव्हा भाऊच म्हणाले, बाई, तुम्हीच मारा की सही, तुमचं अक्षर चांगलं आहे. हात बरा झाला, पण सही बाईंकडेच राहिली. भाऊंना कागदाचा मनापासून कंटाळा. ते सगळा दिवस माणसांत असायचे आणि बाई सगळा दिवस फायलींत. नळजोडण्या, दुकानांचे परवाने, रस्ते, शाळा, सगळ्यांवर बाईंच्या हातची वळणदार सही. गावाला हे ठाऊक होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बाईंचे यजमान तर पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या घरात अर्धे नगराध्यक्ष राहतात, जरा अदबीने बसा."

वकील मात्र हसला नाही. तो राजधानीहून आला होता. भाऊंना संसदेची उमेदवारी मिळणार हे पक्कं झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षाचे बडे नेते येऊन ती जाहीर करणार होते. त्याआधी भाऊंच्या कारभारात कुठे काही अडचणीचं आहे का, ते बघायला पक्षाने याला पाठवलं होतं. पस्तिशीचा माणूस, बोलणं अगदी मऊ, चहा दिला तर दोन्ही हातांनी घेणारा.

"किती कागदांवर यांची सही आहे?" त्याने विचारलं.

"सगळ्याच," भाऊ म्हणाले.

बाईंना वाटलं, आता हा भडकणार. तो भडकला नाही. उलट खुर्चीत मागे रेलला आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा खुलला. का, ते बाईंना लगेच कळलं नाही.

"पुलाची फाईल आणता?"

फाईल कपाटात खालच्या कप्प्यात होती. बाईंना ती शोधावी लागली नाही. नदीवरचा पादचारी पूल दोन वर्षांपूर्वी पुराने खिळखिळा झाला होता. गावच्या अभियंत्याने पाण्यात उतरून तपासणी केली आणि लिहून दिलं की मधल्या दोन खांबांखालची माती वाहून गेली आहे, दुरुस्ती होईपर्यंत पूल बंद ठेवावा, नाइलाजच झाला तर एका वेळी चाळीसांहून जास्त माणसं सोडू नयेत. पुढे भाऊंची निवडणूक आली. पलीकडच्या काठावर गावाची निम्मी मतं. भाऊ म्हणाले, बाई, पूल खुला करून टाका. बाईंनी आदेश टाइप केला, सही केली. अभियंत्याची बदली झाली. भाऊ निवडून आले. दुरुस्तीचं पुढे कुणी नाव काढलं नाही.

वकिलाने आदेश उजेडात धरला. मग शेजारी भाऊंच्या सह्यांचा कागद धरला.

"ही सही तुमची नाही."

"नाही, पण मीच यांना सांगितलं होतं की..."

"तुम्ही काही सांगितलं नव्हतं," वकील तितक्याच मऊपणे म्हणाला. "आठवून बघा."

भाऊंनी खिडकीबाहेर बघितलं. मांडव घालणारे लोक खाली खांब रोवत होते. भाऊ बराच वेळ आठवत राहिले आणि बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. या माणसाच्या तोंडून शब्द निघायच्या आत तो ओळखायची त्यांना सवय होती. आजही त्यांनी ओळखला.

"नाही आठवत," भाऊ म्हणाले.

वकिलाने फाईल मिटून स्वतःच्या बॅगेत ठेवली. "बाई, उद्या तुम्ही सुट्टी घ्या. खूप वर्षं राबलात."

भाऊ घरी निघाले तेव्हा बाईंनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. स्वतःचं काय होणार हा विचार मनात होताच, नाही कसा? पण त्याहून मोठा धोंडा छातीवर बसला होता.

"भाऊ, उद्याची मिरवणूक पुलावरून नेताय."

"मग? पूल मी सुरू केला. टीव्हीवर दिसायला नको?"

"चार हजार माणसं असतील. वाजंत्री, नाचणारी पोरं. अभियंत्याने चाळीस लिहिली होती."

"बाई, दोन वर्षं लोक जाताहेत. काही झालं?"

"सुटे सुटे जातात. एकदम कधी गेलेत? भाऊ, रस्त्याच्या पुलावरून न्या. तासभर उशीर होईल, दुसरं काय?"

भाऊंनी इकडेतिकडे बघितलं. वकील जिन्यात उभा राहून फोनवर बोलत होता.

"हे सगळं आता वरून ठरतं," भाऊ हळूच म्हणाले. "माझ्या हातात काही राहिलं नाही." मग उगाच हसून म्हणाले, "तुमचं वाईट होऊ देणार नाही मी. शब्द आहे माझा."

अकरा वर्षांत भाऊंनी बाईंना कधी शब्द दिला नव्हता. तशी वेळच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी घरातल्या घरात दोन वेळा चप्पल घातली आणि दोन वेळा काढली. यजमान पेपर वाचत होते. पहिल्या पानावर भाऊंचा फोटो होता.

"आज सुट्टी ना तुला? बस की निवांत."

बाईंनी पिशवीतून नगरपालिकेचा छापील कागद काढला. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उभ्या उभ्याच त्यांनी चार ओळी लिहिल्या. पादचारी पूल तत्काळ बंद करण्यात येत आहे. खाली सही केली, एका दमात, नेहमीसारखी. आतापर्यंत हजारो वेळा केलेली सही, पण आज पहिल्यांदाच चोरी केल्यासारखं वाटलं.

"कुठे निघालीस?"

"कामाला," बाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

पुलाच्या तोंडाशी पहारेकऱ्याची चौकी होती. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं. मामा म्हणजे कागदाचा माणूस. कागद असेल तर नदीसुद्धा अडवेल आणि नसेल तर सख्ख्या भावाला ओळख देणार नाही, अशी त्यांची ख्याती. बाईंनी आदेश पुढे केला. लांबवर वाजंत्री ऐकू यायला लागली होती.

"मामा, साखळी लावा. लवकर."

मामांनी चष्मा लावला, कागद वाचला, उलटा करून बघितला. मग खिशातून घडी घातलेला दुसरा कागद काढला आणि दोन्ही शेजारी धरले.

"बाई, ही सही भाऊंची नाही."

"काय?"

"सकाळी सातला एक साहेब येऊन हा देऊन गेले. सगळ्या खात्यांना दिलाय म्हणे. हे बघा, खाली भाऊंची खरी सही. अशी असेल तरच मानायची. तुमची ही वेगळी आहे." मामा ओशाळले. "मला ठाऊक आहे हो, पण कागद आहे ना."

भाऊंची सही वेडीवाकडी, पहिल्या अक्षराचं वळण भलतीकडेच गेलेलं. बाईंनी मजकूर वाचला. वाजंत्री जवळ आली होती. पलीकडच्या काठावर शाळेची मुलं स्वागताला रांगेत उभी केलेली दिसत होती. मिरवणूक दिसली की ती इकडे धावत सुटणार, हे कुणी सांगायला नको होतं.

त्यांनी मजकूर पुन्हा वाचला. या वेळी सावकाश, एखादा कागद पाठवण्याआधी तपासतात तसा.

"मामा, हे मोठ्याने वाचा बघू."

"नमुन्यापेक्षा वेगळी कोणतीही सही, यापूर्वीची असो वा यापुढची, नगराध्यक्षांची मानू नये." मामांनी मान वर केली. "बरोबर आहे ना?"

"यापूर्वीची," बाई म्हणाल्या. "पूल खुला करायचा आदेश तुमच्याकडे आहे ना? आणा."

तो चौकीच्या भिंतीवर काच लावून टांगलेला होता. मामांनी तो उतरवला, बाहीने काच पुसली आणि सही निरखली. मग बाईंनी आणलेल्या आदेशावरची बघितली. मग नमुन्यावरची. मामांचे ओठ हलत होते.

"म्हणजे ही पण भाऊंची नाही."

"नाही."

"म्हणजे पूल..."

"पूल दोन वर्षं बंदच आहे, मामा. कुणी खुला केलेलाच नाही."

मिरवणूक वळणावर दिसायला लागली. सगळ्यांच्या पुढे भाऊ, गळ्यात हार, दोन्ही हात उंच केलेले. त्यांच्या शेजारी वकील. वकिलाने बाईंना बघितलं आणि तो झपाझप पुढे यायला लागला.

मामांनी साखळी ओढून कड्यात अडकवली, कुलूप लावलं, दोनदा हिसडून बघितलं आणि चौकीतली नोंदवही उघडली.

"मला लिहावं लागेल. या दोन सह्या मग कुणाच्या?"

"माझ्या."

मामांनी पेन वर उचललं. "बाई, हे साधं नाही. पोलीस येतील."

"माहीत आहे. लिहा."

त्यांनी लिहिलं आणि वही बाईंच्या पुढे केली. बाईंनी पेन घेतलं. हात आपोआप वळला, आणि कागदावर भाऊंच्या सहीचं पहिलं अक्षर उमटलं. त्यांनी ते खोडलं आणि त्याच्या खाली स्वतःचं नाव लिहायला घेतलं.