माझा उजवा कान कोरा राहिला

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या डाव्या कानाची गादी भेगाळली आहे आणि उजव्याची अजून नव्यासारखी गुबगुबीत आहे. जुळ्या भावांतला एक म्हातारा व्हावा आणि दुसरा तरुणच राहावा, तशी माझी गत. लोकांना त्याचं हसू येतं. मला येत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने माझ्या तारा जोडल्या, दुसरीने मला स्वतःच्या कानांना लावून पाहिलं आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. मग मी एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत कामाला लागलो. तिथली एक मुलगी मन शांत करणारे आवाज तयार करायची. डाव्या कानात एक गुंजन आणि उजव्या कानात त्याहून किंचित चढं गुंजन. दोन्ही एकदम ऐकली की एक संथ ठोका ऐकू येतो, तो बाहेर कुठेच नसतो, डोक्यातच उमटतो. त्याच्या मागोमाग मेंदूच्या लहरी संथ होतात आणि माणूस निवांत होतो, असं ती सगळ्यांना उत्साहाने सांगे. त्यात खरं किती, ते मी सांगू शकत नाही. पण त्या ठोक्याला दोन्ही कान लागतात, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. एकाच कानाने ऐकलं तर नुसती भुणभुण.

आवाजाच्या धंद्यात असूनही त्या मुलीचं सुराशी कधी पटलं नाही. हात कामात असले की ती बेसूर गुणगुणायची आणि तिला स्वतःला त्याचा पत्ताही नसायचा. सहकारी म्हणत, "बाई गं, माइक बंद आहे ना? नाहीतर लोकांची उरलीसुरली शांतीही जाईल."

एके दिवशी तिने माझ्या दोन्ही कानांना नव्या गाद्या बसवल्या आणि मला घरी नेलं. घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबा छापखान्यातून निवृत्त झाले होते. उभा जन्म यंत्राच्या धडधडीत गेला आणि आता घरातली शांतता त्यांना खायला उठली होती. जिवाला स्वस्थता नाही, झोप नाही. उगाच या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या.

तिने त्यांना आरामखुर्चीत बसवलं आणि मला त्यांच्या कानांवर चढवलं. "डोळे मिटा बाबा. काही विचार करू नका. मी इथेच आहे."

ती शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालू लागली आणि नेहमीप्रमाणे गुणगुणू लागली. बाबांना काही ऐकू जात नाही, असंच तिला वाटलं. बाबांनी मात्र मान सावरल्यासारखं करून माझी उजवी वाटी हळूच कानामागे सरकवली. त्यांचा डावा कान यंत्राने आधीच मंद करून टाकला होता. तो त्यांनी मला दिला. चांगला कान लेकीसाठी ठेवला. कपड्यांच्या घड्या संपायच्या आत ते घोरू लागले.

"कसं वाटलं?" जागे झाल्यावर तिने विचारलं.

"झकास!" बाबा म्हणाले.

तिला आकाश ठेंगणं झालं. रोज संध्याकाळी हाच क्रम चालला. बाबांचा चेहरा उजळला आणि जो तो माझं कौतुक करू लागला. मित्रांनो, न केलेल्या कामाची शाबासकी पचत नाही हो. पण मी काय करणार? माझ्यातून दुसऱ्यांचे आवाज निघतात, माझा स्वतःचा एक शब्द निघत नाही.

स्टुडिओत तिचं नाव झालं, काम वाढलं. एकदा घाईघाईने चपला घालता घालता ती म्हणाली, "बाबा, आता तुम्हाला चांगलं जमतंय. तुमचे तुम्ही ऐकाल ना?"

"जा गं तू. माझं काय अडतंय?"

ती गेली. बाबांनी मला चढवलं, उजवी वाटी सरकवली आणि तो कान जिन्याकडे लावून बसले. झोप आली नाही. ती परतल्यावर त्यांनी "झकास!" म्हणून सांगितलं आणि तिचा विश्वास बसला. तेव्हा मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. कपड्यांच्या घड्या घालायला लागतो तेवढाच वेळ त्यांना हवा होता.

पुढे बिनतारी हेडफोन आला आणि मी खणात, निकामी बॅटऱ्यांच्या संगतीला गेलो. खणातून मला एवढंच कळे, की तिच्या हाका मोठ्या होत चालल्या आहेत. बाबांचा चांगला कानही हळूहळू जात होता.

परवा किल्ली शोधताना मी तिच्या हाती लागलो. डाव्या गादीवर कानाचा ठसा होता, उजवी कोरी. ती कितीतरी वेळ मला उलटंसुलटं करत राहिली. मग बाबांसमोर जाऊन बसली, उजव्या गादीवर बोट ठेवून मोठ्याने म्हणाली, "बाबा, हा कान कधीच लावला नाहीत?"

तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांना समजलं. ते चोरी पकडल्यासारखे हसले.

"अगं, तू गुणगुणायचीस ना. त्या कानाने ते ऐकायचो."

तिचे डोळे भरून आले. ती त्यांच्या अगदी कानाशी वाकली आणि गुणगुणू लागली, तशीच बेसूर. बाबांनी उजवा कान पुढे केला, तळहाताचा आडोसा धरला, डोळे मिटले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. कान काहीतरी शोधत होता.

मित्रांनो, मला खणात टाकू नका, माझ्या तारा पिळू नका, हे तर मी सांगणारच. पण घरातलं कुणी "माझं काय अडतंय?" म्हणालं, तर लगेच चपला घालू नका. थोडा वेळ शेजारी बसा.

गुणगुणता गुणगुणता ती थांबली. बाबांना ते कळलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, तिचे मिटलेले ओठ पाहिले आणि म्हणाले, "झकास!"